साहेबाचा रविवार

एक बोट वर करायचा, हसायचा आणि म्हणायचा, "सोमवार." शनिवारी दुपारी वखारीचं फाटक लागलं की आमच्या साहेबाकडे दुसरा शब्द नसायचा. कुणी काही मागो, कुणी रडो, उत्तर तेच. आणि ते कधी रागावून नाही, अगदी गोड आवाजात.

अमरावतीत त्याची कापसाची वखार होती, राजापेठेच्या पलीकडे. मी तिथे लेखनिक. अचलपूरच्या छावणीत राहून मी थोडी इंग्रजी शिकलो होतो, त्यामुळे गाडीवानांचं म्हणणं साहेबाला आणि साहेबाचं गाडीवानांना सांगणं हेही माझंच काम. अमेरिकेत लढाई पेटलेली, तिकडचा कापूस बंद, आणि विलायतेच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर. गावात रोज नवा माणूस उतरायचा. आमचा साहेब बायकोला घेऊन समुद्रापलीकडून आला होता. दोघंच. ना नातलग, ना मूलबाळ.

त्यामुळेच असेल, आठवड्याची ती दीड दिवसाची सुट्टी दोघं फार जपायची. रविवारी सकाळी आपली पोथी वाचायची, मग कडुनिंबाखाली चहा, मग ओसरीवर वेताच्या खुर्च्या. तिथे साहेब बायकोचे केस विंचरायचा. तुम्ही हसाल. फाटकाबाहेरचे गाडीवानही हसायचे, एकमेकांना कोपर मारायचे. आमच्याकडे नवरा चारचौघांत बायकोशी धड बोलत नसे, आणि हा गाठ आली की फणी थांबवून ती बोटांनी सोडवत बसे. मला हसू येत नसे. माझ्या बायकोच्या केसांना मी कधी हात लावलेला नव्हता. खरं सांगतो, रविवारी काम नसतानाही मी वखारीवर जायचो, ते त्या दोघांना बघायला.

आवारात विहीर होती. तिची गडगडी फार कुरकुरायची आणि त्या आवाजाने मडमेचं डोकं चढायचं. म्हणून शनिवारी संध्याकाळी विहिरीचा दोर काढून कोठडीत ठेवायचा, असा हुकूम होता. ठेवायचो मीच. हिवाळ्यात त्याचं कुणाला काही वाटलं नाही. फाल्गुनात जवळचा ओढा आटला. पाणी राहिलं दोन कोसांवर.

त्याच दिवसांत तिवशाची एक बाई कापूस घेऊन आली. नवरा आदल्या साली गेलेला, गाडी ती स्वतः हाकायची. शनिवारी फाटक लागल्यावर पोचली आणि रांगेत थांबली. रविवारी दुपारी तिचा एक बैल खाली बसला तो उठेना. शेजारच्या गाडीवाल्याने आपल्या घागरीतलं उरलंसुरलं पाणी दिलं, ते बैलाच्या जिभेलाही पुरलं नाही. दोन कोस चालण्याचं त्याच्यात बळ नव्हतं.

बाई फाटकाशी आली. "बाबू, मले नोको पानी. बैलाले एक बादली दे."

"आज इतवार हाय," मी म्हणालो. "साहेब दोर लावू देत नाई."

"विचारून त पाय."

मी ओसरीशी गेलो. साहेबाच्या हातात फणी होती. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. बाई किती लांबून आली, बैलाचं वय काय, हेही विचारलं. मग बोट वर केलं. "सोमवार. आणि तिला सांग, मला फार वाईट वाटतं."

मडमेने डोळे न उघडता विचारलं, "काय हवंय तिला?"

"भाव विचारते आहे," साहेब म्हणाला.

"रविवारी?"

दोघंही हसली. तिचे खांद्यावर आलेले केस त्याने हलकेच मागे घेतले.

मी फाटकाशी परत आलो. "साहेबाले वाईट वाटते म्हने."

बाईने माझ्याकडे पाहिलं. "मंग तू काढून दे. तुले कोन पाहून राह्यलं?"

"नाई जमत."

"काहून?"

कोठडी उघडीच होती. मी आत गेलो, दोराला हात लावला. विहिरीवर जाऊन गडगडीवर न घालता हातानेच ओढला असता तर आवाजही झाला नसता. पण तेवढ्यात साहेबाने मला पाहिलं तर काय, असं मनात आलं, आणि मी रिकाम्या हाताने बाहेर आलो. फाटकाकडे पुन्हा गेलो नाही. दिवस कलायच्या आत बैल मेला. बाई पदराने त्याच्या तोंडावरच्या माश्या वारत बसून राहिली.

सोमवारी सकाळी साहेब दाढी करून, टोपी घालून बाहेर आला. बैल पाहून त्याने टोपी काढली. खोटं कशाला बोलू, त्याचा चेहरा खरंच उतरला. मडम फिरायला निघायच्या आत बैल कुंपणामागे ओढायला लावला आणि त्या बाईची गाडी सगळ्यांच्या आधी काट्यावर घे, असं मला सांगितलं. त्याच्या लेखी हा न्यायच होता.

मी दोर लावला, बादली भरली आणि तिच्या उरलेल्या बैलापुढे नेऊन ठेवली. तिने ती पायाने लवंडून दिली. कापूस मोजून झाल्यावर बैलाचा कासरा धरून ती दोन कोसांवरच्या पाण्याकडे चालत गेली. गाडी दोन दिवस आमच्या फाटकाशी उभी होती. मग तिचा भाऊ येऊन घेऊन गेला.

पुढे अमेरिकेतली लढाई मिटली, भाव कोसळला आणि वखार बंद झाली. निघायच्या दिवशी साहेबाने मला बोलावून एक चिठ्ठी दिली, दुसरीकडे काम मिळावं म्हणून. मोठ्या आपुलकीने स्वतःच वाचून दाखवली. त्यात लिहिलं होतं की हा माणूस विश्वासू आहे, सांगितलेलं मुकाट करतो आणि आपल्या मनाने काही करत नाही.

मग त्याने मडमेला हात देऊन गाडीत बसवलं, तिच्या गुडघ्यांवर शाल पसरली, आणि ती दोघं गेली. मी त्यांना वाकून सलाम केला.

त्या चिठ्ठीवर मला अकोल्यात पहिल्याच दिवशी काम मिळालं.