तहानेची रांग

त्या मे महिन्यात आमच्या कामठीच्या घरात सगळ्यांची एकच इच्छा होती, ती म्हणजे माझी झाडं सुकावीत. संध्याकाळी नागपूरहून बसने घरी पोचले, की मी चप्पल काढायच्या आत बाबा विचारायचे, "काहून वं, सुकली का पऱ्हाटी?" मी मान हलवून नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. शेजारच्या काकूंनी हे एकदा ऐकलं आणि आईला बाजूला घेऊन विचारलं, की पोरगी शिकायला जाते की आणखी कशाला.

मी कपाशीवर, म्हणजे बाबांच्या पऱ्हाटीवर, पीएचडी करत होते. झाडाच्या प्रत्येक पेशीत सगळे जीन असतात. पान वाढवणारे असतात, धागा लांबवणारे असतात, तहान लागली तर काय करायचं ते सांगणारेही असतात. पण सगळे एकदम कामाला लागत नाहीत. कोणी कधी चालू व्हायचं आणि कधी गप्प बसायचं, याचा बंदोबस्त झाडात आधीपासूनच असतो. बाबांचं अर्धं आयुष्य पॉवरलूमच्या खडखडाटात गेलेलं. त्यांना मी हे एकदाच सांगितलं. "म्हंजे लूम सगळे फिट राह्यते, पन ज्याची ऑर्डर तोच चालू कराचा," ते म्हणाले आणि पुन्हा जेवायला लागले. इतकं सोपं मला कधी सांगता आलं नव्हतं. पुढे एका सेमिनारमध्ये मी हेच वाक्य माझं म्हणून खपवलं.

माझा जीन मुकादमासारखा होता. पाणी कमी पडलं की तो आधी जागा होतो आणि मग बाकीच्यांना उठवतो. ते पानांची छिद्रं मिटून घेतात, मुळं खाली पाठवतात, उगाचची वाढ थांबवतात. निदान आमचा दावा तसा होता. तो सिद्ध करायला झाडं खरोखर तहानलेली हवीत. म्हणून आमच्या संस्थेच्या आवारात, चारी बाजूंनी जाळी लावलेल्या जाळीघरात, कुंड्यांच्या दोन रांगा होत्या. एकीला रोज पाणी, दुसरीला थेंबही नाही. या दुसरीला आम्ही तहानेची रांग म्हणायचो.

हे सगळं बंद खोलीत, मशीनने तापमान राखूनही करता आलं असतं. पण आमचे सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, ऐकतील तर शपथ. "खोलीत नागपूरचं ऊन येतं का?" त्यांचा सवाल. हा माणूस व्याख्यान देताना इतकं शुद्ध बोलायचा की ऐकणाऱ्याने सावरून बसावं, आणि चिडला किंवा खूश झाला की थेट वऱ्हाडीवर उतरायचा. जूनअखेर ते निवृत्त होणार होते. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "या उन्हाळ्यात तुझा जीन बोलला तर ठीक. नाहीतर नवा विषय, नवा मार्गदर्शक. मी असेपर्यंत काय ते दाखव." इतकी वर्षं त्या एका जीनच्या मागे घालवल्यावर नवा विषय म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आणि झाडं काही सुकेनात. बाहेर डांबर वितळत होतं, दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं, आणि तहानेची रांग आपली टवटवीत उभी. जीन आपलं काम करतोय असं समजून आधी आम्ही हरखलो. सरांनी समोसे मागवले. येईल त्याला जाळीघरात नेऊन ते म्हणायचे, "बघा, हे वाण तहानेला भीक घालत नाही." मी तर मनातल्या मनात भाषणही तयार केलं.

मग मी पानं खुडली, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवली, खलात कुटली आणि सगळे सोपस्कार करून, कोणता जीन किती चालू आहे ते दाखवणाऱ्या मशीनला लावली. माझा जीन ढाराढूर झोपलेला. दोन्ही रांगांत सारखाच. झाड सुकत नाही आणि सुकू नये म्हणून काही करतही नाही, असं कसं होईल? सरांनी आलेख पाहिला. "नवा विषय शोध," ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. मी प्रसाधनगृहात जाऊन मनसोक्त रडले, नळ सोडून.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की आपली कात्री जाळीघरात राहिली. दुपारी तिथे पाय ठेवायचा नाही, असा सरांचाच हुकूम होता. दार उघडलं की बाहेरची हवा आत येते आणि झाडं बिचकतात, हे त्यांचं कारण, आणि जाळीतून हवा येतेच हे न सुचता आम्ही ते इमानेइतबारे पाळत होतो. पण विषयच सुटणार म्हटल्यावर कसला हुकूम! ऊन डोक्यावर घेत मी गेले.

आत घोरण्याचा आवाज.

तहानेच्या रांगेच्या टोकाला कुंड्या भरायचं टेबल होतं. त्याच्याजवळ एक जुना मोठा कूलर पडलेला असायचा. तो बिघडलाय अशी माझी समजूत होती. तो आता पाणी खळखळवत धडाडून चालू होता. समोर बाजेवर सर, तोंडावर ओला दुपट्टा, पोट वरखाली. आणि सर व कूलर यांच्या मधोमध, त्या थंड ओल्या झोतात, माझी झाडं मजेत डुलत होती.

मला सगळं एका क्षणात कळलं. कोरड्या उन्हात पानातून पाणी भराभर उडून जातं, म्हणून झाड तहानतं. ओल्या गार हवेत ते उडतच नव्हतं. ऐन भट्टीच्या वेळी माझी झाडं रोज कूलर खात होती. त्यांना तहान लागणार कुठून आणि जीन जागा होणार कशाला?

असा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. पण सरांना हाक मारून उठवायची हिंमत नव्हती. तशी गरजही नव्हती. मे महिन्यात नागपूरच्या माणसाला उठवायचं तर कूलर बंद केला की झालं. मी बटण दाबलं आणि हाताची घडी घालून उभी राहिले.

"लाइट गेली का बे?" दुपट्ट्याखालून आवाज आला.

"लाइट आहे सर. मी बंद केला."

सर उठून बसले. माझ्याकडे पाहिलं, कूलरकडे पाहिलं, मग झाडांकडे पाहिलं. समजायला त्यांनाही वेळ लागला नाही. केबिनच्या एसीत त्यांचे गुडघे धरायचे आणि निवृत्ती जवळ आल्यापासून सह्यांना येणारी माणसं डोळा लागू देत नव्हती, म्हणून ही जागा त्यांनी शोधली होती. कूलर झाडांपलीकडे आहे याचा त्यांनी विचारच केला नव्हता. आम्ही जन्मापासून त्या वाऱ्यात झोपणारी माणसं. तो चालू आहे हे आम्हांला बंद पडल्यावरच कळतं.

"मीच यांना पाणी पाजून राहिलो होतो म्हणजे," ते हळूच म्हणाले. मग एकदम उभे राहिले. "राखीव कुंड्या आहेत ना? लाव मग रांग. पाऊस यायच्या आत."

त्या दिवसापासून कूलरची वायर सरांच्या ड्रॉवरमध्ये गेली. रोज दुपारी ते जाळीघराच्या दाराशी स्टूल टाकून बसू लागले. डोक्यावर ओला दुपट्टा, हातात मठ्ठ्याचा ग्लास. सह्यांना येणारे तिथेच घामाघूम होऊन सह्या घेत आणि पळत. मी म्हणायचे, "सर, आत जा, मी बसते." ते म्हणायचे, "तू तुझं काम कर वं." एकदाही त्यांनी डोळा मिटला नाही. पापण्या जड झाल्या की उठून रांगेतून एक चक्कर मारायचे.

आणि एका दुपारी झाडांनी माना टाकल्या. मी आनंदाने ओरडले. घरी फोन केला, तर आईने आधी बाबांना हाक मारली, "अवो, सुकली!" बाबांनी त्या संध्याकाळी जिलेबी आणली. शेजारच्या काकूंना पहिली प्लेट दिली. त्यांनी ती घेतली आणि आईला पुन्हा बाजूला घेतलं.

पानं मशीनला लागेपर्यंत सरांचा शेवटचा दिवस उजाडला. खाली सभागृहात शाल, नारळ, भाषणं चालू होती आणि मी वर पडद्यासमोर नखं खात बसले होते. पाणी दिलेल्या रांगेची रेघ जमिनीला चिकटून राहिली. तहानेच्या रांगेची रेघ थोडी थबकली आणि मग चढतच गेली. मी तशीच जिना उतरून धावले.

सर माइकसमोर होते, अगदी शुद्ध मराठीत संस्थेचे ऋण मानत होते. मी दारात दिसले आणि ते वाक्य अर्धवट सोडून थांबले.

"जागा झाला का वं?"

मी जोरजोरात मान डोलावली. सभागृहात कोणाला काही कळेना. मग सरांनी सगळं सांगितलं. बाज, कूलर, दुपट्टा, काहीही न वगळता. "मी झोपलो म्हणून या पोरीचा उन्हाळा वाया जात होता," ते म्हणाले, "आणि वर मीच तिला म्हणालो, विषय बदल." लोक हसले. सर हसले नाहीत. मला त्यांच्याविषयी इतकी माया दाटून आली की शाल पांघरलेल्या त्या माणसाला मिठीच मारावीशी वाटली. मारली नाही, आमच्याकडे तशी पद्धत नाही.

फाटकापर्यंत सोडायला गेले तेव्हा मी म्हणाले, "सर, आता घरी निवांत झोपा दुपारी."

"आता कुठची झोप येते वं?" सर म्हणाले. "सवयच मोडली तू. दोन वाजले की वाटते, रांग पाहून येऊ."