तीनशे रुपयांचा बोर

बाबा पावर हाऊसच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले, पण त्यांचे भाव काही त्यांच्यासोबत पुढे आले नाहीत. माल ओळखावा तर त्यांनीच. किंमत मात्र अजून जुन्या पगारातली सांगतात.

मागच्या उन्हाळ्यात एका दुकानात ते भावावरून भांडले. लोक हसले. घरी येऊन बाबा जेवलेच नाहीत. भाव पारखणारा माणूस म्हणून त्यांनी आयुष्य काढलं, आणि कोणी त्यांना हसलेलं मला खपत नाही, सरळ सांगते.

म्हणून यंदा स्कूटरचं इंजिन खोलायचं ठरलं, तेव्हा मी आदल्या दिवशीच लेथवाल्याकडे जाऊन आले. बोर, म्हणजे सिलिंडर आतून कातून देणं, आणि जपानी बेअरिंग मिळून चौदाशे म्हणाला. मी अकराशे हातावर ठेवले आणि म्हटलं, "उद्या बाबा तीनशे म्हणतील. तुम्ही फक्त हो म्हणा, बस."

दुसऱ्या दिवशी बाबांनी आधी बेअरिंग मागितलं. डबीवर जपान लिहिलेलं. त्यांनी ते कानाशी धरून बोटानं फिरवलं.

"हे घरघर करून राहिलं. ओरिजनल काढ."

"काका, तुमच्यासमोर काय चालते का!" लेथवाला हसत वरच्या फळीवर चढला. दुसरं बेअरिंग फिरलं तेव्हा मला तर काही ऐकूच आलं नाही. बाबांनी पसंतीची मान डोलावली. माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू?

मग लेथवाल्याच्या हातात पिस्टन देऊन म्हणाले, "याच्या मापानं बोर मार. आणि सगळ्याचे मिळून तीनशे. एक पैसा जास्त नाही."

"ठीक आहे, काका."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. येताना टपरीवर चहाला थांबलो. बाबांनी दोन घोट घेतले.

"बेटा, तू किती दिले त्याले?"

"कशाचे, बाबा?"

"मले काहून फसवतेस? तीनशे ऐकून लेथवाला भांडला नाही. जो भांडत नाही, त्याले पैसे अगोदरच भेटले राहतात."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. माणसाची लाज राखायला गेले आणि त्यांच्याच धंद्याच्या अकलेनं पकडले गेले! डोळे भरून आले.

"अकराशे," मी म्हटलं.

बाबा रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. बेअरिंग किती, बोर किती, वरची घासाई किती, असं बराच वेळ स्वतःशीच पुटपुटत राहिले. चहा निवून गेला.

"चौदाशे वाजवी आहेत," शेवटी म्हणाले. "लुटलं नाही त्यानं."

त्यांनी तो थंड चहा एका घोटात संपवला आणि उठता उठता माझ्या खांद्यावर हात टेकला.

"आता भाव तूच करत जा वं. मी माल पाहत जाईन."