आपला टोप, आपलं पाणी

माणूस वाळत चाललंय हे गावात सगळ्यांत आधी क्लाराबायला कळायचं. ती ब्लाउज शिवायची. टेप लावली की ती आधी आकडा बघायची, मग बाईच्या तोंडाकडे. मागच्या मापापेक्षा टेप सैल पडली तर कारण विचारायची नाही. एवढंच म्हणायची, "शनवारी टोप घेवन ये गो."

शनिवारी तिच्या स्वयंपाकघरातून दिवसभर धूर निघायचा. बकऱ्याचे पाय, नळ्या, सांध्याची हाडं. पाय जाळावर भाजून खरवडलेले. एक कांदा, आल्याचा तुकडा, चार मिरी. आणि माडाच्या शिरक्याचा एक चमचा. हाडातलं सत्त्व त्याशिवाय बाहेर येत नाही असं ती सांगे. मसाला नाही, खोबरं नाही, मीठसुद्धा नाही. मीठ पिणाऱ्याने आपापल्या वाटीत घालायचं. टोपातलं पाणी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत उसळू द्यायचं नाही, नुसतं कुजबुजू द्यायचं. सकाळी ते थिजलेलं असायचं. टोप हलवला की थरथरायचं.

क्लाराबाय त्याला सोप म्हणायची. तिच्या सोपीवर बाळंतिणी उठल्या. माडावरून पडलेल्यांची हाडं सांधली. कृती गावाला तोंडपाठ होती. हात मात्र तिचाच.

सावित्री तिची शेजारीण. दोन्ही आवारांच्या मध्ये चिऱ्यांचा गडगा, कमरेएवढा. क्लाराबायचं घर खाडीच्या बाजूला, सावित्रीचं वरच्या अंगाला.

सावित्री लग्न होऊन आली त्या साली तिचं पहिलं मूल पोटातच गेलं. लग्नातला ब्लाउज अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसू लागला. तो आवळून घ्यायला ती क्लाराबायकडे गेली. टेप सैल पडली. टोप घेऊन यायचा निरोप घरी पोचला.

सासू पेचात पडली. सून तर उभी राहायला हवी. पण किरिस्तांवाच्या चुलीवरचं घरात घ्यायचं कसं? शेवटी तिनेच तोड काढली. "टोप आपलो. पाणी आपल्या बावीचा. लाकडां आपली. तिचो नुसतो हात."

क्लाराबायने मागीलदारी उभ्या असलेल्या म्हातारीकडे पाहिलं. टोप, पाण्याची घागर, लाकडांची मोळी, सगळं नीट पाहून घेतलं.

"आनी बकरो?" तिने विचारलं. "तोय तुमच्याच गोठ्यातलो व्हयो?"

"बकऱ्याक जात नसता," म्हातारी म्हणाली. ती थट्टा करत नव्हती.

तेव्हापासून वाडीत तोच रिवाज पडला. ज्याला सोप हवी त्याने आपला टोप आणि आपलं पाणी घेऊन जायचं. मागीलदारी ठेवायचं. दुसऱ्या दिवशी मागीलदारीच उचलायचं. आत जायचं नाही. पुढे म्हातारी गेली. लोक बदलले. क्लाराबायच्या नाताळाच्या नेवऱ्या सावित्रीच्या घरी पोचू लागल्या, सावित्रीच्या गणपतीचे मोदक गडगा ओलांडू लागले. दोघी पडवीत बसून तासन् तास बोलायच्या. पण सावित्री कधी तिच्या स्वयंपाकघरात गेली नाही. त्या घरी तिने कधी पाणी घेतलं नाही. मनात काही होतं असं नव्हे. सवय होती. रिवाज मोडायचा तर तो आधी आठवावा लागतो.

यंदाच्या पावसाच्या शेवटी क्लाराबाय तापाने पडली. ताप गेला, जाताना तोंडाची चव घेऊन गेला. पेज ठेवली तर पेज तशीच राही. मासे तळले तर वासाने तोंड फिरवी. शिलाईचं यंत्र खोळ घालून कोपऱ्यात बसलं.

शेजारपाजारच्यांनी आणून द्यायला काही कमी केलं नाही. लक्ष्मीने हाडांची सोप म्हणून जे आणलं त्याच्यावर लाल तवंग होता. मालवणी हात मसाल्याची बरणी ओलांडून पुढे जात नाही. क्लाराबायने एक चमचा घेतला आणि खोकून खोकून बेजार झाली. मग हळूच म्हणाली की हा रस्सा कुणाच्या लग्नातला ते तरी सांगा.

तिची मुलगी डेलिशा वसईला बँकेत होती. रोज फोन करायची. आई रोज जेवले म्हणून सांगायची. एक दिवस डेलिशाने लक्ष्मीला फोन लावला आणि खरं ते तिला कळलं. तिने आईला सांगितलं की नाताळाआधी मी येतेय, आणि तू उठून हिंडताफिरताना दिसली नाहीस तर तुला घेऊनच परत जाईन. घराला कुलूप. यंत्राचं बघू.

क्लाराबाय फोनवर बरं म्हणाली. मग तिने सावित्रीला हाक मारली. कपाटातला निळा झगा काढून अंगावर चढवला आणि पाठ करून उभी राहिली. मागून आवळून शिवायला सांगितलं. समोरून अंगाला नीट बसला पाहिजे.

"डेलिशाक कळूक नको," ती म्हणाली.

सावित्रीने सुईत दोरा ओवला. झगा मुठीत धरला. मूठ भरली तरी कापड उरत होतं. हिने सगळ्या गावाची मापं घेतली, हिच्या अंगाला टेप कुणी लावली? आजवर किती टोप हिच्या चुलीवरून उतरले, त्यातला एक तरी हिच्यासाठी होता का? तिला एकही आठवेना.

तिने सुई परत पेटीत ठेवली. झग्याला मागून पिना लावल्या.

"झगो आवळून माणूस भरणा नाय गो, क्लारा," ती म्हणाली. चाळीस वर्षांत तिने पहिल्यांदाच नुसतं क्लारा म्हटलं.

सोप सावित्रीने करायची ठरलं. ठरलं म्हणजे तिच्या मनात ठरलं. अडचण एकच होती. मार्गशीर्ष चालू होता. घरात गुरुवारचा घट मांडलेला. महिनाभर तिच्या चुलीला मांसमच्छी वर्ज्य. नाताळ काही मार्गशीर्ष संपायची वाट बघणार नव्हता.

मग चूल क्लाराची.

तिने मालवणहून पाय आणि नळ्या आणल्या, तोडून घेतलेल्या. मागीलदारी येऊन उंबऱ्याशी थांबली. उजव्या हाताला गडग्यापलीकडे तिची स्वतःची विहीर दिसत होती. सवयीने पाय तिकडे वळले. आणि तिथेच तिला लाज वाटली. हिच्या दारात आपण आयुष्यभर आपलं पाणी घेऊन आलो. आजारी माणसासाठी ही राबली, आणि आपण तिच्या पाण्याला हात लावला नाही. आज तरी नाही. आज टोप तिचा, लाकडं तिची, पाणी तिचं.

ती उंबरा ओलांडून आत गेली. नळाचं पाणी पिंपात होतं, पण नळाचं पाणी सावित्रीच्या लेखी पाणीच नव्हे, ते नुसतं ओलं. तिने क्लाराच्या विहिरीत बादली सोडली.

दिवसभर ती चुलीपाशी बसली. मसाल्याची बरणी फळीवर डोळ्यांसमोर होती. तिने तिच्याकडे पाठ केली. फेस येईल तसा काढला. जाळ वाढू दिला नाही. पाणी आटत आटत निम्म्यावर आलं. पलंगावरून क्लारा वास घेत होती. चव बघायचा प्रश्नच नव्हता. मार्गशीर्ष.

दिवे लागले तेव्हा तिने वाटी भरली, चिमूटभर मीठ घातलं आणि क्लाराच्या हातात दिली.

क्लाराने घोट घेतला. तो तोंडात धरून ठेवला. गिळला. डोळे मिटले. सावित्री तिच्या तोंडाकडे बघत राहिली. क्लाराचे खांदे हलायला लागले. सावित्रीला वाटलं रडतेय. ती हसत होती. कित्येक आठवड्यांत ती हसली नव्हती.

"पाणी खंयचा घातलंस?"

"तुझ्या बावीचा."

"अगो, माझी बाव खारी."

मग तिने हसत, धापा टाकत, थांबत थांबत सांगितलं. पावसात ती विहीर गोडी असते. दिवाळी सरली की खाडीचं पाणी आत झिरपतं. भांडी घासायला, कपडे धुवायला चालतं. तोंडात घातलं तर थोडं मचूळ लागतं, एवढंच. पण दिवसभर आटवलं की मिठागर होतं. त्या काळी पिण्याचं पाणी तिचा नवरा चर्चच्या विहिरीवरून खांद्यावर आणायचा. इतक्या कष्टाच्या पाण्याची सोप करणं तिला परवडत नव्हतं. सासरी आल्यापासून पावसाळा सोडला तर तिने सोप केलीच नव्हती. सावित्रीची टेप सैल पडली तेव्हा टोप आण म्हणून बसली, पण पाणी कुठलं घालायचं ते तिलाच कळत नव्हतं. मग एके दिवशी वरच्या आवारातली म्हातारी गोड्या पाण्याची घागर घेऊन दारात उभी राहिली.

"तुझ्या सासूक वाटलां, ती बाट टाळता," क्लारा म्हणाली. "माका वाटलां, बाई पाणी घेवन इली. उरल्याल्या पाण्याची आमी च्या करूं. बरी होयी."

सावित्री खाली जमिनीवर बसली. त्या घराचं पाणी कुणी कधी प्यायलंच नव्हतं. मग ते खारं आहे हे कुणाला कसं कळणार? हसावं की डोळ्यांना पदर लावावा, तिला ठरवता येईना. तिने दोन्ही केलं.

टोपातलं सगळं माडाच्या मुळात गेलं. माडाला खारं चालतं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मालवणला गेली. परत आली ती स्वतःच्या विहिरीच्या पाण्याची घागर गडग्यावरून उचलून घेत. क्लारा या वेळी पलंगावर राहिली नाही. खुर्ची ओढत स्वयंपाकघरात आली आणि जाळ कमी कर, ढवळू नको, झाकण सरकव, असं बसल्या जागेवरून सुरू झाली. चव तिनेच बघितली. पहिला चमचा सावित्रीने भरवला. दुसरा तिने स्वतः घेतला.

सकाळी टोप हलवला. आतलं थरथरलं. क्लाराने गरम करून एक वाटी घेतली, आणि थोड्या वेळाने वाटी पुन्हा पुढे केली.

डेलिशा आली ती परतीची दोन तिकिटं काढूनच. मागीलदाराने आत शिरली आणि बॅग हातात धरून तशीच उभी राहिली. लहानपणी त्याच दारात सावित्रीच्या हातातला टोप घ्यायला तिला पाठवत. आज चुलीपाशी पाटावर सावित्री बसली होती.

"मावशी, तू भितर?"

"चूल भितर आसा मगे," सावित्री म्हणाली आणि जाळ सारला.

क्लाराने अंगावरच्या पिना लपवल्या नाहीत. डेलिशाने त्या पाहिल्या आणि तिचा आवाज चढला. खोटं का बोललीस. इथे रात्री काही झालं तर कोण आहे. तिकडे डॉक्टर आहे, मी आहे. ती चुकीचं काही बोलत नव्हती. कोपऱ्यातल्या यंत्राच्या खोळीवरून क्लारा हात फिरवत राहिली.

सावित्रीने वाटीत सोप ओतली. मिठाची बरणी कुठे आहे हे आता तिला विचारावं लागत नव्हतं. वाटी तिने डेलिशासमोर ठेवली.

"डेलिशा, हिका मी बघतलंय," ती म्हणाली. "वसयेक तू आसंस, डॉक्टर आसा, सगळां आसा. माझी बाव खंय आसा?"

डेलिशाने वाटी उचलली. सोप प्यायली. प्रवासाने थकली होती, तिथेच आईच्या पलंगावर झोपली. नाताळ झाला आणि ती एकटीच परत गेली. मे महिन्यात येऊन बघते, मग ठरवू, असं सांगून. एक तिकीट तिने फोनवरूनच रद्द केलं होतं. बँकेतल्या माणसासारखं, किती पैसे कापले ते न बोलता.

पिना एक एक करून निघाल्या. शेवटची शिमग्याच्या सुमारास. यंत्राची खोळ त्याआधीच उतरली होती.

पहिलं माप सावित्रीचं. क्लाराबायने टेप लावली. आकडा बघितला. मग तोंडाकडे बघितलं. टेप सैल पडली नव्हती. उलट दोन टोकं एकमेकांना शोधत होती.

"मार्गशीर्ष सरलो वाटता," ती म्हणाली. "सोपीची चव बघतंस, काय जेवतंस?"

 सावित्री आत गेली, पिंपातलं भांडंभर पाणी प्यायली आणि तोंड पुसत बाहेर आली. क्लाराबाय ब्लाउजच्या कापडावर खडूने रेघ मारत होती. तिने मान वर केली नाही.

"शनवारी टोप नको," ती म्हणाली. "नुसतां पाणी घेवन ये."