छोटेलालच्या अंगणातल्या बॅटऱ्या

छोटेलालला कच्चं काम जमतच नाही, असं त्याची बायको प्रेमिला म्हणायची, आणि कौतुकाने म्हणायची. धानाच्या बांधीचा बांध असो की मासे धरायचं जाळं, त्याने हात लावला की ते काम पक्कं. आमचं गाव इटियाडोहाच्या पाण्याकाठचं. पावसाळ्यात धान आणि बाकीच्या दिवसांत मासे, अशी इथल्या बहुतेकांची पोटापाण्याची सोय. फेकायच्या जाळ्याला कडेने शिशाचे मणी लागतात, म्हणजे पाण्यात पडलेलं जाळं झटकन तळाशी बसतं. ते मणी छोटेलाल ओतायचा. त्याच्या मण्यांचं जाळं कधी तिरपं बसत नाही, असं धरणापलीकडची माणसंही सांगत. मी त्याचा शेजारी केशोराव, गावात धान भरडायची चक्की चालवतो. चक्कीवर दिवसभर साऱ्या पंचक्रोशीचं ऐकायला मिळतं, म्हणून हे खात्रीने सांगतो.

आता एवढं शिसं त्याला मिळायचं कुठून, तर त्याचं श्रेय एका कंपनीला आहे. काही वर्षांपूर्वी सरकारी योजनेतून गावात उन्हावर चालणारे दिवे लागले. खांब आले, फीत कापली, पेढे वाटले. दिवे चांगले होते, उगाच खोटं कशाला बोलू? पण तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत बॅटऱ्या मेल्या. नव्या आल्या, त्याही मेल्या. प्रत्येक बॅटरीवर केराच्या डब्याचं चित्र, त्यावर फुली, आणि खाली लिहिलेलं की ही फेकू नका, कंपनीला परत करा. फार छान. परत न्यायला कोण येणार, तेवढं लिहायचं राहून गेलं. एक फोन नंबर होता, तो लावला की गाणं वाजायचं आणि गाणं संपलं की फोन कटायचा. मेलेल्या बॅटऱ्या खांबाखाली पडून राहिल्या. शेवटी लोकांनीच ठरवलं की छोटेलालकडे द्या, त्याला शिसं लागतं. मग शेजारच्या गावांतूनही येऊ लागल्या. त्याच्या अंगणात बैलाच्या कोठ्याला लागून त्यांची भिंतच उभी राहिली.

तो कुऱ्हाडीने खोकं फोडायचा, आतलं तेजाबाचं पाणी नालीत सोडायचा, आणि शिशाच्या पट्ट्या लोखंडी कढईत घालून अंगणातल्या चुलीवर वितळवायचा. त्याच चुलीवर प्रेमिला आंघोळीचं पाणी तापवायची, धान उकडायची. आणि त्याच चुलीच्या राखेने भांडी घासायची. साबणाची वडी तिला कधी पटली नाही. तिच्या पाणी भरायच्या पितळेच्या गुंडात तोंड पाहून घ्यावं इतकी लखलखीत भांडी. गावातल्या बायका तिच्याकडून राख मागून न्यायच्या.

त्यांची एकुलती एक लेक खुशी. ही पोरगी म्हणजे गावाचा रेडिओ होती. चक्कीवर यायची आणि कोणाच्या घरी आज कोणती भाजी आहे ते मला सांगून जायची. तिचं पोट दुखायला लागलं तेव्हा जंत झाले असतील म्हणाले. चेहरा पांढरा पडला तेव्हा नजर लागली म्हणाले. मग ती चालता चालता पडायला लागली. आणि मग तिचे शब्द गेले. एकदम नाही गेले. आधी मोठी वाक्यं गेली, मग नावं गेली. मला ती ‘चक्कीवाले मामाजी’ म्हणायची. एके दिवशी माझ्यासमोर उभी राहिली आणि नुसती बघत राहिली. मी चक्की बंद केली, तरी तिच्या तोंडून काही निघेना. त्या दिवशी मी घाबरलो.

नागपूरला नेलं. मी सोबत होतो. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि विचारलं, "वडील काय काम करतात?"

"शेती," छोटेलाल म्हणाला.

"आणखी काही?"

"शेतीच."

तो लपवत नव्हता. मणी ओतणं हे त्याच्या लेखी काम नव्हतंच, ती त्याची हौस होती. शेवटी प्रेमिला म्हणाली, "हे शिशाचे मणी बनवते नं, बाई. आंगणात." डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं. मुलीच्या रक्तात शिसं आहे, म्हणाल्या. वितळताना धूर होतो, त्याची बारीक भुकटी सगळीकडे बसते आणि लेकरांच्या पोटात जाते, डोक्यावर परिणाम करते. औषध देऊ, पण हे काम आजपासून बंद.

छोटेलालने घरी आल्याबरोबर कढई धरणात फेकली. मण्यांसाठी माणसं दाराशी यायची, त्यांना हात जोडून परत पाठवायचा. पोरीला औषध वेळेवर, दूध वेळेवर. पुन्हा तपासायला गेलो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर थोडा उजेड होता. आणि आकडा आधीपेक्षा वाढलेला निघाला.

डॉक्टरीणबाई चिडल्या. घरी काम चालूच आहे, तुम्ही मला फसवता, म्हणाल्या. छोटेलालने पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. ते पाहून त्या नरमल्या आणि एकेक विचारू लागल्या. पाणी कुठलं, ती झोपते कुठे, जेवते कशात, भांडी कशाने घासता.

"राखीनं," प्रेमिला म्हणाली.

"कोणत्या चुलीच्या?"

घरात चूल ती एकच होती. शिसं गाळणं थांबलं होतं, पण पाणी त्याच चुलीवर तापत होतं, आणि इतक्या वर्षांचं शिसं तिच्या मातीत मुरलेलं होतं. पोरगी आजारी आहे म्हणून खुशीची ताटली ती दोनदा घासायची. स्वच्छ असावी म्हणून.

मी आजवर पुष्कळ रडणाऱ्या बायका पाहिल्या आहेत. ही रडली नाही. तिने आपले दोन्ही हात पदराखाली घेतले आणि पोरीपासून जरा दूर सरकून बसली. तेव्हापासून तिने खुशीला हाताने भरवलं नाही.

चूल खणा, अंगणाची माती काढा, बॅटऱ्या घालवा, तोवर मुलीला त्या घरात ठेवू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. खुशी देवरीला आजीकडे गेली. आम्ही चूल खणली, माती पोत्यांत भरून गावाबाहेर रचली. पोती आणि बॅटऱ्या न्यायला मात्र कोणी नाही. फेकायच्या कुठे? धरणात टाकल्या तर मासे आम्हीच खाणार, पुरल्या तर विहिरीचं पाणी आम्हीच पिणार.

म्हणून चार बॅटऱ्या पोत्यात घालून आम्ही अर्जुनीहून रेल्वेने गोंदियाला गेलो. कंपनीचं मोठं दुकान तिथे आहे. काउंटरवरचा माणूस नम्र होता, त्याला नावं ठेवत नाही.

"बिल है?" त्याने विचारलं.

"बिल सरकारपासी आसंन," छोटेलाल म्हणाला. "आमच्या गावात तुमचेच दिवे हायेत. याच्यावर लिवलं हाय पाहा, परत करा म्हणून."

"लिखा तो है, भैया. लेकिन हमारा इस साल का पूरा हो गया."

काय पूरा झालं ते त्याने समजावून सांगितलं. जेवढा माल विकला त्यातला ठरलेला वाटा कंपनीने परत घ्यायचा, असा नियम. तो वाटा शहरातल्या दुकानांतूनच भरतो. मग आमच्या खांबाखालचा माल आणायला रानात गाडी कोण पाठवणार? नियम पाळला गेला होता. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, कोणाचं लेकरू मुकं झालं ते तुमच्या वाट्यात कुठे बसतं? त्याने सरकारी कचेरीचा पत्ता लिहून दिला. सरकारी कचेरीत गेलो, त्यांनी कंपनीकडे जा सांगितलं. संध्याकाळच्या गाडीने बॅटऱ्यांचं पोतं तसंच घेऊन परत आलो. छोटेलाल वाटेत एवढंच बोलला, "केशोभाऊ, पोरगी आता एकच शब्द बोलते म्हणत्यात. आजीलेच माय म्हणते."

शेवटी भंगारवाला इंद्रकुमार आला. देवरीकडचा माणूस, मालवाहू छोटी गाडी घेऊन. माती नेणार नाही म्हणाला, पण बॅटऱ्या साऱ्या नेतो. छोटेलालने भावसुद्धा विचारला नाही. अर्ध्या बॅटऱ्या गाडीत गेल्या आणि छोटेलाल थांबला.

"कोन गाळते तुमच्याकडं?"

"मीच गाळतो. घरी."

छोटेलालने त्याला सगळं सांगितलं. धूर, राख, पोरीचं बोलणं, नागपूर. इंद्रकुमार गाडीला टेकून शेवटपर्यंत ऐकत होता.

"मले मालूम हाय," तो म्हणाला. "मोठा पोरगा बोलते. लहाना नाई बोलत."

"मंग काऊन नेऊन राहिला?"

"मंग खाऊ काय? तुमी नाई देल्या त दुसरा कोनी देईन."

छोटेलाल हातातली बॅटरी धरून उभाच राहिला. गाडीत ठेवेना आणि खालीही ठेवेना. खुशी घरी यायची तर त्या बॅटऱ्या जायला हव्या होत्या, आणि त्या जाणार होत्या दुसऱ्या एका मुक्या लेकराच्या अंगणात. तिसरी जागा आम्हाला कोणी दाखवली नव्हती.

प्रेमिला दारातून ऐकत होती. ती बाहेर आली, नवऱ्याच्या हातातली बॅटरी घेतली आणि गाडीत ठेवली. मग उरलेल्याही एकेक करून तिनेच ठेवल्या. इंद्रकुमारकडे तिने एकदाही पाहिलं नाही. शेवटची ठेवून झाल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "याच गाडीत बसा. देवरीलेच जाऊन राहिली. पोरीले घेऊन या."