समिधाचं ‘येते’

आमच्या इमारतीतल्या बायका समिधाला जरा वचकून असतात. मीही होते, उगाच खोटं कशाला बोलू! सावंतवाडीजवळच्या खेड्यातली ही पोर. बाप जयराम इथे कुवेतमध्ये अम्गराच्या भंगारबाजारात लोखंड कापायचा आणि जलीबच्या कामगार वस्तीत एका खोलीत नऊ जणांत झोपायचा. लेक हवाई दलात गेली. बायकांच्या हाती हेलिकॉप्टर द्यायला नुकती सुरुवात झाली होती, तेव्हाची ती. नव्व्याण्णवच्या युद्धाच्या उन्हाळ्यात तिने पहाडांवरून जखमी जवान खाली आणले. त्याबद्दल विचारा, म्हणेल, "थंडी फार होती." संपलं!

आता पन्नाशी ओलांडून ती कुवेतमध्ये एका खासगी कंपनीचं हेलिकॉप्टर चालवते. जहाजांवरचे आजारी, जखमी खलाशी किनाऱ्यावर आणते.

त्या आठवड्यात शेजारच्या देशात युद्ध पेटलं. डोक्यावरून क्षेपणास्त्रं जात होती. विमानं बंद, म्हणून समिधाचा नवरा पुण्यात अडकला होता आणि सोळा वर्षांची अंतरा माझ्याकडे होती. भोंगा वाजला की पोरगी पांढरीफटक पडायची. एका दुपारी साडेतीनला तिच्या आईचा फोन आला.

"मम्मा इज कमिंग, आंटी!" फोन ठेवून अंतरा हसली. "‘येते गं’ म्हणाली."

मला ते वेगळंच ऐकू आलं. आपल्यात निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. इथेच जन्मलेल्या पोरीला हे कोण सांगणार? स्वयंपाकघरात जाऊन मी हळूच समिधाच्या ऑफिसला फोन लावला. तिथला मुकेश म्हणाला, "मॅडम निकल गयीं. जहाजावर एक खलाशी भाजलाय. दुसरा कोई पायलट तयार नव्हता."

मी अंतराला काही सांगितलं नाही. भ्याले, दुसरं काय! तिने आईसाठी वरणभाताचा कुकर लावला. पाच वाजता पुन्हा भोंगा झाला, खिडक्यांच्या काचा थरथरल्या. सहा वाजले.

"व्हाय इज शी लेट?"

"ट्रॅफिक असेल," मी म्हटलं. खाली रस्त्यावर एक गाडी नव्हती.

पावणेसातला दार वाजलं. समिधाच्या बाहीवर वाळलेलं रक्त होतं, दुसऱ्याचं. "वाचला तो," ती म्हणाली. अंतराला सगळं कळलं. ती आधी इंग्रजीत ओरडली, मग हमसून हमसून रडली.

मी मध्ये पडले. "अगं, आईचं चुकलं नाही. निघताना आपण ‘येते’च म्हणतो. तूच उलटा अर्थ घेतलास."

"नाही, वासंती," समिधा म्हणाली. "ती काय समजेल ते मला ठाऊक होतं. म्हणूनच तसं म्हटलं."

मला तिचा असा राग आला! लेकीशी असं वागतात?

"व्हाय?" अंतराने विचारलं.

"खरं सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

अंतराने नाक पुसलं. "नो."

"तू नको म्हटलं असतंस," समिधा म्हणाली आणि तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला, "तर मी गेले नसते."