बिनघुंगरांची दमणी

जळगावहून नशिराबाद तीन कोस. आमच्या माळवदावर उभे राहून पूर्वेकडे पाहिले, तर माहेरची झाडे दिसत नसत; पण त्या बाजूचे आकाश दिसे, आणि वैशाखात त्या आकाशाला उकडलेल्या कैरीचा वास येतो असे मला वाटे. ते तीन कोस ओलांडायला मला सात वर्षे लागली. स्वातंत्र्याच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट.

माझी मुलगी आवाजाला भीत असे. भीत असे म्हणणेही अपुरे आहे. देवळातली घंटा, तांबटाचा हातोडा, जिनिंगचा भोंगा, यांतले काही कानी पडले की तिचे अंग लाकडासारखे ताठ होई, ओठ निळे पडत, आणि मग जी किंकाळी फुटे ती थांबवणे कोणाच्याच हाती नसे. सातवे वर्ष लागले तरी ती बोलत नव्हती. डोळ्याला डोळा भिडवत नसे. मात्र सरकीच्या ढिगात कोपरापर्यंत हात खुपसून बसली की मधमाशीसारखी गुणगुणे. लहानपणी वडिलांनी मला आर्या आणि ओव्या शिकवल्या होत्या, म्हणून सांगते, त्या गुणगुणण्याला चरण होते. ठरल्या जागी ते थांबे आणि पुन्हा उचलले जाई. वैद्यांनी मात्रा दिल्या, भगताने लिंबू उतरवले. शेजारणी तिला वेडी म्हणत, सासूबाई देवाघरची म्हणत. मला शब्द सापडत नसे.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी जाते. कडुलिंबाला झोके बांधलेले असतात, घरोघरी सांजोऱ्या तळल्या जातात, आणि लेकीला आणायला भाऊ दमणी, म्हणजे माणसे बसायची हलकी बैलगाडी, घेऊन येतो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. बाळंतपण आटोपून पाचव्या महिन्यात मी सासरी आले, तेव्हा बाळ वाटभर रडले होते. पोट दुखत असेल असे आम्ही समजलो. पुढच्या आखाजीला भाऊ आला. बैलांनी माना हलवल्या, घुंगरमाळा खळाळल्या, आणि गावाच्या वेशीपर्यंत जाईतो माझ्या मांडीवरले लेकरू निळेजांभळे पडले. आम्ही परत फिरलो. आगगाडीचे तर नावच नको, तिची शिट्टी दोन मैलांवरून पोरीला अंथरुणात ताठ करी. पायी निघावे, तर सासरहून पायी आलेली लेक म्हणजे हाकलून दिलेली लेक, असा आमच्याकडचा समज. आणि आई विहिरीच्या पायऱ्यांवरून पडून कमरेने अधू झालेली. तिला गाडीचे हादरे सोसत नसत. तिने नातीला पुन्हा एकदा, फक्त एकदा मांडीवर घ्यावे, एवढेच मला हवे होते.

दर आखाजीला भाऊ येई, जेवे आणि रिकामा परते. जाताना म्हणे, "माय इचारते, नात केवढी झाली?" मी पोरगी झोपली असता टाचेपासून टाळूपर्यंत दोरा धरी आणि तेवढा तोडून त्याच्याजवळ देई.

सातव्या वर्षी गाडी दारात उभी राहिली तरी मला कळले नाही. भावाने वेशीबाहेरच बैलांच्या माळा उतरवल्या होत्या, जुवाला चिंध्या गुंडाळल्या होत्या, आणि आसाला इतके वंगण घातले होते की चाक पाण्यातून फिरावे तसे फिरत होते.

सासूबाईंनी ओट्यावरूनच हटकले, "बैलांच्या माळा कुठे गेल्या?"

"गवताखाली झोपल्या, मावशी. बैल म्हने, औंदा आमच्या कानाले आराम पाहिजे."

"थट्टा पुरे. सणाला लेक न्यायची आणि गाडी अशी मुकी? माणूस गेल्याचा सांगावा घेऊन अशी गाडी निघते. तुझ्या आईला तरी ठाऊक आहे का?"

"वेशीवर आल्यावर तर मले सुचलं! तिले पोहोचल्यावर सांगू."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला, पण आत जाऊन सरकीची पिशवी भरून आणली ती त्यांनीच. "हात घालून बसेल," त्या म्हणाल्या, आणि पोरीकडे न पाहता ती तिच्याजवळ सरकवली. सरळ पाहिलेले तिला खपत नाही, हे त्या घरात मी सोडून फक्त त्यांना कळले होते.

त्या वाटेविषयी मी काय लिहू! दमणी काळ्या मातीवरून एखाद्या सावलीसारखी चालली होती. बैलांचा श्वास ऐकू येत होता. लिंबाचा मोहर उन्हात कडवट-गोड घमघमत होता, भेगाळलेली राने उघडी पडली होती, आणि माझी मुलगी सरकीत हात बुडवून गुणगुणत होती. तीन कोसांत एकदाही किंचाळली नाही. पुढे ती तशीच झोपली. ऊन चढले तसे भावाने आपले पांढरे उपरणे तिच्यावर पांघरले. चुकले ते तिथे.

गावाच्या तोंडाशी झोक्यावर पोरी गौराईची गाणी गात होत्या. गाडी पाहून त्यांचे गाणे तुटले. बिनघुंगरांची गाडी, मान खाली घालून बसलेली बाई, मांडीवर पांढऱ्या कपड्याखाली निश्चल लेकरू. त्यांतली एक धावत सुटली. आम्ही दाराशी पोहोचतो तो माझी आई उंबऱ्यातून कंबर धरत बाहेर आली आणि तिने जो हंबरडा फोडला तो साऱ्या आळीने ऐकला.

"माझी चिमनी व! सात वर्सानं आनली ती अशी आनली का व माय!"

उपरणे उडाले. पोरगी दचकून उठली, कानांवर हात दाबून किंचाळली, माझ्या हातातून निसटली आणि दमणीखाली शिरून चाकाला बिलगून बसली. आईचा हंबरडा अर्ध्यावर थांबला. तिने आपल्याच हाताने तोंडात पदर कोंबला.

शेजारचे आबा भावावर उखडले, "आरे, बैलाच्या माळा काढल्या, तं आगोदर पयत येऊन सांगायचं व्हतं! जीव घेतला असता म्हातारीचा!"

पोरगी बाहेर येईना. मी जवळ गेले की किंकाळी. बैल सोडले, माणसे हटवली, आळीतली पोरे पिटाळली. पुष्कळ वेळाने आई सूप आणि गव्हाची पाटी घेऊन आली, आणि चाकापासून चार हातांवर जमिनीवर बसली. खाली बसताना तिचा चेहरा वेदनेने आवळला; आवाज मात्र काढला नाही. ती गहू पाखडू लागली, अगदी हलक्या हाताने. सुपातल्या दाण्यांची सळसळ तेवढी अंगणात उरली. ती पोरीकडे बघत नव्हती. कोणी सांगितले होते तिला? कोणीच नाही.

दुपार सरकत गेली, आणि सावलीबरोबर आईही थोडी थोडी सरकत गेली. तिसऱ्या प्रहरी चाकाच्या आऱ्यांमधून एक हात बाहेर आला आणि सुपातल्या गव्हात मनगटापर्यंत बुडाला. आई पाखडायची थांबली. मग मधमाशी गुणगुणू लागली. आईने डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने पोरगी तिथेच मातीत कलंडली आणि झोपली, आणि झोपेत तिचे दोन्ही तळवे आईच्या मांडीला टेकले. त्यापुढे दीड-दोन घटका आई हलली नाही. मी पाणी आणले ते तिने डोळ्यांनीच नाकारले.

राहण्याचे कसे जमणार? पोरीने उंबरा ओलांडला नसता. उन्हे कलताच तिला झोपेतच उचलून दमणीत ठेवले. माहेराहून निघताना मायलेकींनी गळ्यात गळा घालून मोठ्याने रडावे अशी आमच्याकडची रीत. न रडणाऱ्या लेकीला दगडाची म्हणतात. आईने माझी हनुवटी धरली. पदर तिच्या दातांत होता. पाय बधिर झाल्याने तिला धरून उभे करावे लागले होते, तरी ती दमणीच्या फळीला हात लावून मारुतीच्या पारापर्यंत चालत आली.

दिवेलागणीला घरी पोहोचलो. सासूबाईंनी गूळपाणी दिले.

"आईशी पोटभर बोललीस ना?"

मी मान डोलावली. दिवसभरात आम्ही दोघी दहा शब्दही बोललो नव्हतो.