वाढपी जेवला का?

माझ्या मामेसासऱ्यांनी देवळांपेक्षा हॉटेलांना जास्त प्रदक्षिणा घातल्या, असं मी म्हणालो तर राहुरीत कुणालाही वाईट वाटणार नाही. प्रदक्षिणा हा शब्द मी उगीच वापरत नाही. हॉटेलात समोरून शिरायचं नाही, हा त्यांचा नेमच होता. आधी मागच्या अंगाला जायचं, भांडी कसल्या पाण्यात विसळतात ते पाहायचं, भटारखान्याच्या खिडकीखाली उभं राहून फोडणीचा वास घ्यायचा, आणि मन भरलं तरच वळसा घालून पुढच्या दाराने आत यायचं. बाहेरची पाटी ते वाचत नसत. "जावईबापू, पाटी रंगारी लिवतो. चव आतला मानूस करतो," असं त्यांनी मला एकदा समजावलं होतं. त्यानंतर मीही पाट्या वाचायच्या सोडल्या आणि बऱ्याच ठिकाणी फसलो, कारण मागच्या अंगाला जायचं धाडस मला कधी झालं नाही.

मामा साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर नोकरीला होते. आलेल्या गाडीचं वजन करावं आणि घरी जावं, इतकं सरळ काम. पण कुणाची नगरला कोर्टात तारीख असली की मामा रजा टाकून त्याच्याबरोबर निघत. खटला कशाचा, कुणाची बाजू खरी, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. पक्षकार वकिलाच्या मागे फिरत असताना मामा एस.टी. स्टँडमागच्या बोळांतून कुठे मटकीची उसळ ताजी आहे याचा तपास करत. कर्जतच्या एका जमिनीच्या भांडणात तर ते वादीबरोबरही गेले आणि पुढच्या तारखेला प्रतिवादीबरोबरही, कारण तिथली डाळींची झणझणीत शिपी आमटी त्यांना फार आवडली होती. दोन्ही बाजूंना मामा आपलेच वाटत. पुढे म्हणे तडजोड झाली ती मामांनी दोघांना एका बाकड्यावर बसवून तीच आमटी पाजली म्हणून. माझा यावर पूर्ण विश्वास नाही, पण राहुरीत अशीच गोष्ट सांगतात.

स्वस्त खाणं हा त्यांच्या अभिमानाचा विषय होता. महागड्या हॉटेलात चांगलं मिळालं तर त्यात कौतुक ते काय, असं त्यांचं म्हणणं. धोतराच्या सोग्यात एक कांदा कायम असायचा. भाजी पुढ्यात आली की तो बाकड्यावर ठेवून बुक्कीने फोडायचा, आणि तो आवाज ऐकून गल्ल्यावरचा मालक दचकायचा. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा बाकीच्या मंडळींनी मला पगार विचारला, बढती विचारली. मामांनी एवढंच विचारलं की नगरात एकटे राहता तर जेवता कुठं. मी खानावळीचं नाव सांगितलं. मामांनी डोळे मिटले आणि आतल्या खोलीकडे तोंड करून जाहीर केलं की पोरगं सोसणारं आहे, द्यायला हरकत नाही. माझं लग्न हे असं जमलं.

त्यांचा आणखी एक नेम होता, आणि तो मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. बाकड्यावर बसल्यावर ते आधी वाढप्याला विचारत, "तू जेवला का?" तो हो म्हणाला तर काय जेवला ते विचारत आणि तेच मागवत. नाही म्हणाला तर उठत. हा नेम बहात्तरच्या दुष्काळातला. त्या वर्षी आमच्याकडे हॉटेलात पाण्याचा पेलासुद्धा मागितल्याशिवाय पुढे येत नसे आणि घरोघर ती रेशनवरच्या मिलोची, परदेशी ज्वारीची, लाल भाकरी चालू होती. नगरच्या एका खानावळीत एक चांगला बाप्या माणूस मामांना उसळ वाढता वाढता मटकन खाली बसला. आदल्या दिवसापासून त्याच्या पोटात काही नव्हतं. मामांनी आपलं ताट त्याच्यापुढे सारलं आणि तसेच उपाशी राहुरीला आले. ज्याच्या हातात वाढायची पळी आहे तोच उपाशी असेल तर ते अन्न अंगी लागत नाही, असं ते त्यानंतर सांगू लागले.

मामांची एकच इच्छा राहून गेली होती. मामींनी एकदा तरी हॉटेलात बसून जेवावं, दुसऱ्याने रांधलेलं, दुसऱ्याने वाढलेलं, गरम. मामी म्हणजे कमालीच्या शांत बाई. एकत्र खटल्याच्या भरल्या घरात सून म्हणून आल्या तेव्हापासून सगळ्यांचं उरकल्यावर चुलीपुढे बसून जे उरेल ते खाणं, एवढंच त्यांना जेवण म्हणून ठाऊक. बाईमाणसाने हॉटेलात बसायचं म्हणजे त्यांना चावडीवर बसल्यासारखं वाटे. मामांनी एकदा त्यांना नगरला नेऊन एका हॉटेलच्या फॅमिली रूममध्ये बसवलं. पडदा ओढलेला होता तरी मामी भिंतीकडे तोंड करून बसल्या. पोट भरलंय म्हणाल्या. नाइलाजाने चहा घेतला आणि तो पिऊन झाल्यावर कपबशी घेऊन मागे मोरीवर गेल्या, विसळून आणली, पदराने पुसली आणि मालकापुढे ठेवली. मामा ही गोष्ट हसत सांगायला सुरुवात करत, पण शेवटी शेवटी त्यांचं हसू कमी होत जाई.

मग माझी बदली रत्नागिरीला झाली. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, मी पुन्हा खानावळीच्या दारी. जावयाच्या पोटाची चौकशी करायला म्हणून मामा आले आणि समुद्र दाखवायच्या मिषाने मामींनाही घेऊन आले. खरा बेत त्यांनी मला स्टँडवरच कानात सांगितला. इथं तिला ओळखणारं कुणी न्हाई, म्हणाले, इथं बसंल ती. मामींनी घरात पाऊल टाकताच पदर खोचला आणि स्टोव्ह पुढे ओढला. बर्नर तुंबलेला. पिन कुठे सापडेना. फडताळ पाहून झालं, माझी ट्रंक पाहून झाली. मामा आढ्याकडे बघत बसले होते. पिन त्यांच्या टोपीच्या घडीत होती, ते मला परतीच्या दिवशी कळलं.

संध्याकाळी आम्ही मांडवीच्या किनाऱ्यावर गेलो. मामी पाण्यापर्यंत चालत गेल्या. मग वाकून त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि सोडून दिलं. एवढं असून उपेग न्हाई, एवढंच म्हणाल्या. दुष्काळात ज्या बाईने हंड्यासाठी रानोमाळ पायपीट केली तिला दुसरं काय वाटणार?

मामांचं मात्र समुद्राकडे लक्ष नव्हतं. त्यांना वाळूवर भेळेची गाडी दिसली होती. भेळवाल्याला जेवलास का विचारलं तर त्याने गाडीखालचा डबा दाखवला, अजून उघडलेला नव्हता. मामा पुढे. धक्क्याजवळच्या खानावळीत वाढपी ढेकर देऊनच समोर आला, बांगड्याचं कालवण आणि भात जेवलो म्हणाला. मामांना धन्य वाटलं, पण मामींनी माशाच्या वासाने पदर नाकाला लावला आणि बाहेर येऊन उभ्या राहिल्या. स्टँडजवळच्या हॉटेलात गेलो तर वाढप्याला हा प्रश्नच अपमानाचा वाटला. असं करत करत आमचे पाय दुखायला लागले. मामी म्हणत होत्या की घरी शेंगदाणे आहेत, गूळ आहे, चला. मामा ऐकेनात.

अखेर किनाऱ्यावरून वर येणाऱ्या पायऱ्यांच्या पाखाडीत एक घर दिसलं. पडवीत दोन लांब बाकडी, आत चुलीचा उजेड. एक बाई एकटीच घरगुती खानावळ चालवत होती. काळ्या वाटाण्याची उसळ, आमटी, भात आणि तांदळाची भाकरी. मामांनी मागून वळसा घातला आणि हसऱ्या चेहऱ्याने परत आले. जागा इतकी घरासारखी होती की मामींनीही कुरकुर केली नाही, आणि भिंतीकडे तोंड करून का होईना, पण बसल्या. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मोठा दावा जिंकला. गिऱ्हाइकांची, बहुतेक खलाशांची, गर्दी झाली होती. बाई भाकरी थापत होती, मध्येच उठून वाढत होती, पुन्हा तव्याकडे पळत होती. बोलता बोलता आम्ही समुद्राकडे वळून पाहिलं आणि परत पाहतो तर मामींची जागा रिकामी.

ताटं आली. पहिली भाकरी पांढरीशुभ्र, पातळ. दुसरी जाड, कडेला तडकलेली. उकड काढलेल्या पिठाला कुणीतरी बाजरीच्या पिठासारखा मार दिला होता. मामांनी तुकडा मोडला, उजेडात धरला आणि म्हणाले, "ही आपली." आत पाहिलं तर मामी पदर खोचून परातीपुढे बसल्या होत्या आणि जाळाने तोंड लाल झालं होतं.

मामा हताश झाले. तरी नेम तो नेम. उसळ वाढायला आलेल्या बाईला त्यांनी सवयीने विचारलं, "बाई, तुमी जेवला का?"

बाई थकलेली होती, पण हसली. "मी आधी जेवले तर तुम्हाला वाढायचं कोणी? बायकांचं जेवण मागाहूनच हो. तुमच्या घरात कोण आधी जेवतं?"

ती पुढच्या पंगतीकडे गेलीसुद्धा. मामांच्या हातातला तुकडा तसाच राहिला. हॉटेलातून उठून जाणं सोपं होतं, पण इथे उठून ते जाणार कुठे? घरी तर हाच कारभार. मला म्हणाले की आपल्याच घरातून, असं पाहिलं तर, लग्न झालं त्या दिवशीच उठायला पाहिजे होतं. मग माझ्याकडे न बघताच बोलले, "हाटेलातल्या परत्येकाला इचारलं. हिला न्हाई कदी."

ते उठले. हात धुतले, धोतर वर खोचलं आणि आत जाऊन बाईच्या हातातली पळी घेतली. भाकऱ्या रगड झाल्यात, आता तुम्ही दोघी बसा, मी वाढतो, असं सांगितलं. बाई नको नको म्हणाली, मामींनी तर तोंडावर पदर घेतला. पण आयुष्यभर वाढप्यांना न्याहाळलेला माणूस तो. एका हातावर ताटांची उतरंड घेऊन त्यांनी पडवीभर असं वाढलं की खलाशी मंडळी अदबीने आमटी मागू लागली. आत चुलीपाशी दोघी बायका शेजारी शेजारी जेवायला बसल्या, ताटावर वाफ येत असताना. वाढून झाल्यावर मामा मामींपुढे येऊन उभे राहिले, काय हवं नको विचारत. मामी खाली मान घालून हळूच म्हणाल्या, "आमटीत मीठ कमी हाय."

मामांनी ते वाक्य राहुरीत घरोघर सांगितलं. ती पहिल्यांदा हॉटेलात जेवली आणि तिने तक्रार केली, हे सांगताना त्यांचा ऊर भरून येई. घरीही त्यांनी नवीन नेम लावला. मामी ताटावर बसल्याशिवाय ते घास उचलत नसत. भावजया तोंडाला पदर लावून हसल्या, मामी लाजेने अर्धमेल्या झाल्या, गावाने नावं ठेवली. मामा ढिम्म. रोज चुलीपाशी जाऊन विचारायचे, जेवली का. पुढे पुढे लोकही सरावले.

मामा गेले ते काही वर्षांनी, ऐन उसाच्या गाळपाच्या दिवसांत. तेराव्याला राहुरीचं घर माणसांनी भरलं होतं. पंगती उठल्या, आचारी भांडी आवरू लागले. मी पाणी प्यायला आत गेलो तर रिकाम्या स्वयंपाकघरात मामी हातात पळी घेऊन उभ्या. मी विचारलं, "मामी, तुम्ही जेवलात का?"

त्यांनी मान वर केली. "सकाळपासनं वाटत हुतं, आता ह्ये इचारायला कुनी न्हाई."

मी त्यांच्या हातातली पळी घेतली, त्यांना बसवलं आणि जमेल तसं वाढलं. मामांसारखं मला जमलं नाही, आमटी ताटाबाहेर सांडली. मामींनी एक घास घेतला आणि थांबल्या. मीठ कमी हाय, म्हणाल्या, आणि त्यांना रडू आवरेना. मी मिठाचा डबा आणायला उठलो. त्याच आमटीबरोबर मी नुकताच जेवलो होतो. तिच्यात मीठ बरोबर होतं.